ओवाळणी उधार

भाऊबीजेच्या दुपारी समोरच्या काकू चकल्यांची ताटली घेऊन आल्या, तेव्हा मी ओट्याशी नुसतीच उभी होते. ओट्यावर पितळी तबक घासून पालथे घातलेले होते. सकाळी हात आपोआप पितांबरीच्या पुडीकडे गेले होते; त्यांनी तबक घासले, निरांजन घासले, फुलवात तुपात भिजवली, सुपारी आणि सोन्याची अंगठी काढण्यासाठी कपाट उघडले आणि तिथे मात्र ते थांबले. काकूंनी तबकाकडे पाहिले, मग माझ्याकडे. एरवी त्या बोलायला चांगल्याच फटकळ आहेत, पण त्या दिवशी आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "अगं, संध्याकाळी चंद्राला ओवाळ. चालतं." आणि ताटली रिकामी करून घेण्यासाठी न थांबता निघून गेल्या. ही ६ नोव्हेंबर २०२१ ची गोष्ट. नंदूला जाऊन सहा महिने उलटले होते.

त्या एका 'चालतं'ने मला पुढे दीर्घकाळ छळले. काकूंच्या हेतूविषयी मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. आपल्याकडे प्रत्येक गोष्टीला काहीतरी चालते. गणपतीची मूर्ती नसेल तर सुपारी चालते. यजमानाची पत्नी शेजारी बसू शकत नसेल तर कमरेला लावलेली सुपारी चालते. दागिने नसतील तर गुरुजी 'अलंकारार्थे अक्षतां समर्पयामि' म्हणून चार तांदूळ वाहायला लावतात, आणि पिंडाला कावळा शिवेना झाला तर दर्भाचा कावळा करून वेळ निभावून नेतात. अडलेल्या माणसाला वाट काढून देणारी ही युक्ती मला एरवी फार आवडते. एखादी वस्तू नाही म्हणून कोणाला पूजेवरून उठवायचे नाही, एवढा उमदेपणा तिच्यात आहे. पण त्या दुपारी मला वाटले की सुपारीच्या आणि दर्भाच्या पंगतीत माझ्या भावालाही नेऊन बसवले जात आहे. सत्तावन्न वर्षांचा, हसताना डावा डोळा मिटणारा, चहा बशीत ओतूनच पिणारा एक माणूस नसेल, तर त्याच्या जागी चंद्र चालतो. मी तबक फडताळात उभे करून ठेवले आणि दिवेलागणीच्या आधीच पश्चिमेकडचे पडदे ओढून घेतले.

नंदू माझ्याहून तीन वर्षांनी लहान. गिरगावातल्या आमच्या चाळीला लांबलचक गॅलरी होती आणि त्या गॅलरीची बस करून तो लहानपणापासून कंडक्टर होत असे. कठड्याला टेकून बसलेल्या म्हाताऱ्यांनाही तो जुन्या वहीची कात्रणे तिकिटे म्हणून देई आणि 'पुढे सरका, आत जागा आहे' असे बजावत असे. पुढे १९८९ साली तो खरोखरच बेस्टमध्ये कंडक्टर म्हणून लागला, तेव्हा आई हसून म्हणाली होती की याला प्रशिक्षण देण्याची काही गरज नव्हती. पहिल्या भाऊबीजेला तो माझ्या घरी दादरला आला तो हातात कापडी पुरचुंडी घेऊन. तिच्यात एक्कावन्न नाणी होती, सगळी एक रुपयाची आणि सगळी कोरी. दिवसाच्या जमेत एखादे नवे चकचकीत नाणे आले की स्वतःच्या खिशातला रुपया टाकून तो ते बाजूला काढून ठेवत असे, आणि असे करत करत त्याने तीन महिन्यांत ती एक्कावन्न जमवली होती. पुढे त्याचा पगार वाढला, पाकिटातल्या नोटा वाढल्या, तो डोंबिवलीला राहायला गेला, तिकिटांना भोक पाडायच्या पंचाची जागा यंत्राने घेतली. पण पाकिटाबरोबर पुरचुंडी आली नाही असे कधी झाले नाही. तबकात ती ठेवताना नाण्यांचा जो घट्ट, दबका आवाज होई, तो मला कोणत्याही नाण्याच्या आवाजातून वेगळा काढता येईल. ती नाणी मी कधी खर्च केली नाहीत. देव्हाऱ्याखालच्या डब्यात ती तशीच आहेत, आणि जुनी कोरी नाणी आता काळवंडली आहेत.

आमची शेवटची भाऊबीज १६ नोव्हेंबर २०२० ची. त्या वर्षी पाडवा आणि भाऊबीज एकाच दिवशी आली होती. बेस्टच्या गाड्या टाळेबंदीतही धावत होत्या आणि नंदू रोज कामावर जात होता. त्याला लोकलने येण्याची मुभा होती, पण त्यानेच आठ दिवस आधी फोन करून सांगितले की मी दिवसभर शंभर माणसांत वावरतो आणि तुझ्या घरी सासूबाई आहेत, या वर्षी नको. मी मान्य केले, आणि जरा जास्तच लवकर मान्य केले. मग मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला, त्याच्या पुढ्यात पाट मांडला, आणि त्या पाटावर कोणीही बसलेले नसताना मी पडद्याला ओवाळले. कुंकू कुठे लावायचे ते कळेना, म्हणून काचेच्या वरच्या कडेला बोट टेकवले. तिकडे चित्र मध्येच थांबत होते. त्याचा मिटलेला डावा डोळा बराच वेळ तसाच मिटलेला राहिला आणि मग एकदम त्याचे सगळे हसणे आले. "ताई, ओवाळणी उधार," तो म्हणाला. "लिहून ठेव कुठेतरी." मी म्हटले, "व्याजासकट घेईन." त्यानंतर वहिनीने तिने केलेले अनारसे दाखवले आणि आम्ही फोन ठेवला.

त्याच्या जवळजवळ महिनाभर आधी, २१ ऑक्टोबरपासून, बायकांना लोकलने प्रवास करायला परवानगी मिळाली होती; सकाळी अकरा ते दुपारी तीन, आणि मग संध्याकाळी सातनंतर. दादरहून डोंबिवली तासाभराची.

मी जाऊ शकले असते.

एप्रिल २०२१ विषयी मी फार लिहिणार नाही. ज्यांच्या घरात तो महिना शिरला, त्यांना तो माहीत आहे. अकरा दिवस तो रुग्णालयात होता. दिवसातून एकदा फोन येई आणि त्यात ऑक्सिजनचा एक आकडा सांगितला जाई, आणि त्या आकड्यावर आम्ही पुढचा दिवस काढत असू. तो गेला तेव्हा ओंकारला, म्हणजे त्याच्या मुलाला, बाहेरूनच नमस्कार करायला मिळाला. मी दादरमध्ये होते. दहाव्याला कावळा शिवला की नाही हेही मी फोनवरच विचारले. शिवला, असे ओंकार म्हणाला, आणि तो खरे सांगतो आहे की आत्याला बरे वाटावे म्हणून सांगतो आहे हे त्याच्या आवाजावरून मला ओळखता आले नाही. चेहरा पाहिला नाही की माणूस गेल्याची नोंद मनात पक्की होत नाही, असे मी तोवर इतरांच्या बाबतीत ऐकले होते. माझ्या बाबतीत ती नोंद झाली होती, अगदी पहिल्या मिनिटाला झाली होती. मला छळत होते ते वेगळेच. मोबाइलपुढचा रिकामा पाट, अकरा ते तीनची वेळ आणि ती उधारी.

भाऊबीजेला यम बहिणीकडे जेवायला जातो, म्हणून तिला यमद्वितीया म्हणतात. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला यमुनेचे कौतुक वाटायचे. त्या वर्षी मात्र राग आला, आणि तो कोणावर काढावा ते न कळल्यामुळे मी तो गोष्टीवर काढला. एक दिवस बहिणीच्या हातचे जेवून, तिची ओवाळणी चुकती करून, बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस हा गृहस्थ कोणाकोणाच्या घरी जातो याचा हिशेब यमुनेने कधी विचारला नाही का? असले विचार मी दिवाळीच्या दिवसांत घरात बोलून दाखवत नसे. फराळाचे डबे भरत असे.

दुसऱ्या वर्षी मी चंद्राला ओवाळायला गेले. का गेले ते नीट सांगता येणार नाही. काकूंचे ऐकले असे म्हणणे खोटे ठरेल. कदाचित तबक दुसऱ्यांदा फडताळात उभे करून ठेवण्याचे बळ नव्हते. २०२२ ची ती दिवाळी विचित्र होती. लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला झाले, २५ ला सूर्यग्रहण म्हणून एक दिवस रिकामा गेला, आणि २६ ला पुन्हा पाडवा आणि भाऊबीज एकत्र. घरात कोणाला काही न सांगता मी स्टीलच्या डब्यात निरांजन, वात, काडेपेटी आणि अक्षता भरल्या आणि 'भाजी आणते' म्हणून बाहेर पडले. शिवाजी पार्कच्या बाजूने, फुटलेल्या फटाक्यांच्या लाल कागदांवरून चालत दादर चौपाटी गाठली. समुद्राला ओहोटी होती की भरती, ते आठवत नाही. वास मात्र आठवतो, ओल्या वाळूचा, कुजक्या निर्माल्याचा आणि फटाक्यांच्या दारूचा एकत्र. सूर्य धुरक्यात आधीच गढूळ झाला होता. तो गेल्यावर मी पश्चिमेकडे पाहत उभी राहिले, आणि पाहतच राहिले. आकाश तांबडे झाले, मग मातकट झाले, मग सागरी सेतूचे दिवे लागले. चंद्र नव्हता. तीन वेळा काडी ओढली, तिन्ही वेळा वाऱ्याने विझवली. शेवटी डब्याचे झाकण लावले आणि खरोखरच भाजी घेऊन घरी आले. माझ्यासाठी तोही येत नाही, असे त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर मनात आले. आणि असा विचार करणाऱ्या साठी उलटलेल्या बाईची मला लाजही वाटली.

पुढे आठ-दहा दिवसांनी ओंकार आला तेव्हा त्याच्याजवळ हे बोलून गेले. त्याने बापासारखीच मान तिरपी करून ऐकून घेतले आणि म्हणाला, "आत्या, अगं आदल्या दिवशी संध्याकाळी तर तो सूर्याच्या समोर उभा होता, आपण ग्रहण पाहिलं ना? एका दिवसात किती लांब जाणार? नुसता सव्वीस तासांचा चंद्र होता तो. दुर्बीण घेऊन बसलेल्यांनाही मुश्किलीनं दिसला असता." मला त्या सव्वीस तासांनी काय दिले ते सांगणे कठीण आहे. चंद्र आला होता. तो तिथेच, सेतूच्या वर कुठेतरी होता. माझ्या रुसण्याशी किंवा माझ्या चुकीशी त्याचा काही संबंध नव्हता. तो त्याच्या हिशेबाने जेवढा पुढे यायचा तेवढा आला होता. त्यानंतर मी कालनिर्णयात अमावास्या किती वाजता संपते ते पाहू लागले, आणि हा छंद अजून टिकून आहे.

पण उधारी होतीच. ती मला आतून इतकी खात होती की २०२३ च्या भाऊबीजेला, डोंबिवलीला, माझी मुलगी ओंकारला ओवाळत असताना मी वहिनीच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले आणि जे विचारायचे नव्हते ते विचारले. त्याने त्या वर्षीची पुरचुंडी करून ठेवली होती का? कपाटात, बॅगेत, डेपोतल्या त्याच्या सामानात कुठे सापडली होती का? मला पैसे नको होते, हे तिला सांगायची गरज नव्हती. वहिनीने गॅस बारीक केला. तिला विचार करायला वेळ लागला नाही, म्हणजे तिनेही ती कधीतरी शोधली असणार. "नाही हो ताई," ती म्हणाली. "मीच एकदा त्यांना जानेवारीत म्हटलं होतं की ताईंची ओवाळणी राहिली. तर म्हणाले, पुढच्या दिवाळीला दोन्ही एकदम देईन, आता कुठे नाणी गोळा करत बसू. विसरले असणार नंतर."

ती हे सांगताना ओशाळली होती. आपल्या माणसाची काही चूक उघडी पडावी तशी. मी तिचा हात धरला. मला रडू आले नाही, उलट कित्येक महिन्यांत आला नव्हता असा मोकळा श्वास आला. इतके दिवस मी मनात एक पुरचुंडी धरून बसले होते, जी कुठल्यातरी कपाटाच्या तळाशी मला सापडेल आणि जिच्या आवाजात त्याचा काही निरोप असेल. तो निरोप ठेवून गेला नव्हता, कारण आपण जाणार आहोत हे त्याला माहीत नव्हते. जानेवारी ते एप्रिल तो आळस करत होता, कामे पुढे ढकलत होता, पुढची दिवाळी येणार असे गृहीत धरून चालला होता. त्याच गृहीतावर मीही साखरेच्या डब्याला मोबाइल टेकवला होता. आम्ही दोघे बरोबरीचे निघालो. अकरा ते तीनच्या गाडीत मी बसले नाही याचे दुःख त्या दिवशी संपले असे म्हणणार नाही, ते आजही आहे. पण तोवर मी त्याला गुन्हा म्हणत होते, तो शब्द त्या स्वयंपाकघरात गळून पडला. बाहेरून मुलीने हाक मारली की ओंकार ताटात फक्त शंभराची नोट ठेवतो आहे, तुम्ही काहीतरी बोला त्याला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये तिचे लग्न झाले. बोलणी करताना होणाऱ्या विहीणबाईंनी सहज विचारले होते, "मुलीला मामा किती?" मी "एक" म्हणाले आणि त्याच्यापुढे 'आहे' लावायचे की 'होता' ते ठरवेपर्यंत त्या पुढच्या प्रश्नावर गेल्या होत्या. मामाकडची पिवळी साडी वहिनीने दादरमध्येच माझ्याबरोबर हिंडून घेतली. चार दुकाने पालथी घातली आणि पहिल्या दुकानातली साडी घेऊन परत आलो. लग्नाच्या दिवशी अंतरपाट धरला गेला आणि गुरुजींनी माइकवरून खड्या आवाजात सांगितले, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे." या वाक्याची मी चार महिने आधीपासून धास्ती घेतली होती. खोलीच्या दारातून मुलगी आली आणि तिच्या मागे ओंकार, सव्वीस वर्षांचा मामेभाऊ, बापाचे काम करायला उभा राहिलेला, घामाघूम, फेटा कपाळावर उतरलेला. इतक्या घाईने तिला पुढे आणू लागला की गुरुजी म्हणाले, "अहो मामा, हळू, मुहूर्ताला अजून पाच मिनिटं आहेत." सगळे हसले. पलीकडून वहिनी हसली, मीही हसले. हसताना ओंकारचा डावा डोळा मिटत नाही. तो आईवर गेला आहे.

पाठवणी झाल्यावर रात्री कार्यालयातल्या खोलीत बांगड्या उतरवून ठेवताना माझ्या मनात एक साधी गोष्ट आली, जी खरे तर कधीच यायला हवी होती. चंद्राला आपण मामा म्हणतो. प्रत्येक मराठी आई कडेवरच्या मुलाला बोट वर करून चांदोमामा दाखवते, आणि मामा म्हणजे आईचा भाऊ. मीही हिला गॅलरीत उभी राहून दाखवला होता, हाताशी जिवंत, धडधाकट मामा असताना. तेव्हा नंदूच्या वाट्याचे नाते दुसऱ्याला देऊन टाकले असे मला वाटले नव्हते, आणि नंदूलाही नाही, तोच तिला घेऊन गच्चीवर जात असे आणि वर दाखवून म्हणत असे, "तो मोठा मामा, मी धाकटा." काकूंनी मला नवा भाऊ सुचवला नव्हता. आमच्या घरात आधीपासून असलेल्या एका नातेवाइकाची आठवण करून दिली होती.

३ नोव्हेंबर २०२४, रविवार. यावेळी घरात सांगून निघाले. डब्यात निरांजनाबरोबर पत्र्याची एक अर्धगोल पट्टी घेतली होती, वाऱ्याला आडवी धरायला. दोन वर्षांपूर्वीच्या तीन काड्या मी विसरले नव्हते. चौपाटीवर सुट्टीची गर्दी होती, पोरे वाळूत रॉकेट खोचत होती, कणसांच्या निखाऱ्यांवर पंखा चालू होता. सूर्य गेल्यावर आधी शुक्र दिसला, ठळक आणि स्थिर. मग त्याच्या बराच खाली, सेतूच्या वरळीकडच्या टोकावर, नखाने ओरखडा काढावा तसा चंद्र दिसू लागला. जरा दुसरीकडे पाहिले की हरवत होता. अठ्ठेचाळीस तासांचा, मी हिशेब करूनच आले होते.

माझ्यापासून थोड्या अंतरावर एक वृद्ध बाई नऊवारीत उभ्या होत्या. त्यांच्या हातातही ताटली होती. त्यांनी माझ्याकडे वळून विचारले, "काडेपेटी आहे का हो बाई? माझी सर्दावली." मी काडी ओढली, पत्रा आडवा धरला, आणि आधी त्यांचे निरांजन लागले, मग त्यांच्या ज्योतीवर माझे. "कोण तुमचं?" त्यांनी विचारले. "भाऊ," मी म्हणाले, "धाकटा." त्यांनी दोन बोटे दाखवली. मग आम्ही दोघींनी ओवाळले, त्यांनी बराच वेळ, मी थोडा. माझ्या ताटलीत मी घरून निघताना देव्हाऱ्याखालच्या डब्यातले एक काळे पडलेले नाणे ठेवले होते. ते का ठेवले, हे मला विचारू नये.

चंद्र पाण्याला टेकलाच नाही. त्याच्या बराच आधी धुरक्यात विरत गेला, आणि नक्की कोणत्या क्षणी दिसेनासा झाला ते आम्हा दोघींनाही सांगता आले नसते. त्या बाई तिकडेच पाहत म्हणाल्या, "अजून आहे बघा." मला दिसत नव्हता, पण मी "हो" म्हणाले. तेवढ्यात पिशवीत फोन वाजला. ओंकार होता. रविवारच्या वेळापत्रकामुळे गाडी चुकली, पुढची दिवा स्टेशनला खोळंबली आहे, आणि मुलगी-जावई पोहोचले असतील तर त्यांना सांग की माझ्यासाठी जेवायचे थांबू नका. मी सांगितले की थांबणार, आणि घराकडे वळले, कारण या निरांजनातले तूप संपत आले होते आणि त्याला ओवाळायला नवी वात लागणार होती.